लाल ताडपत्रीची हद्द

सत्य सूर्यप्रकाशासारखं असतं, ते कशानेही झाकता येत नाही, असं थोर माणसं सांगत आली आहेत. त्यांच्यापैकी कोणी भर उन्हात टोमॅटो विकायला बसल्याची नोंद नाही.

टोमॅटोवाल्याने सत्यावर लाल ताडपत्री ताणली होती. चार बांबू, कोपऱ्यांना सुतळी, आणि मधून गाळून येणारं ऊन. त्या उजेडात देठाशी हिरवा आणि पोटाशी पिवळट टोमॅटोसुद्धा नुकतंच कोणीतरी कौतुक केल्यासारखा दिसायचा. हा रंग काही सहज सापडला नव्हता. आधीच्या किरमिजी ताडपत्रीखाली माल सडका वाटायचा, नारिंगीखाली गिऱ्हाइकालाच कावीळ झाल्यासारखी दिसायची. ही मात्र बेताची होती. कच्चा माल स्वस्त पडतो आणि वाटेत फुटत नाही, एवढ्यावर त्याचा धंदा चालायचा, आणि तो सगळा धंदा त्या ताडपत्रीला टांगलेला होता.

शेजारी पालेभाज्या घेऊन त्याची वहिनी बसायची. सख्ख्या थोरल्या भावाची बायको. घर एक, चूल एक, रस्त्यावरच्या जागा तेवढ्या दोन. दुपार कलली की लाल उजेड हद्द ओलांडून तिच्या पालकावर सरकायचा. आणि लाल उजेडात पालक काळा दिसतो.

"शिळा आहे का हो?" गिऱ्हाईक विचारायचं.

"शिळा? आत्ता खुडून आणलाय! आमच्या भाऊजींची माया सांडतेय त्याच्यावर, म्हणून तसा दिसतो."

"वहिनी, सूर्य काय मी फिरवतो?"

"सूर्याचं मी बघते. तुम्ही ताडपत्री आवरा."

"आवरली तर विकू काय?"

"टोमॅटो विका की. लाल असतील तर."

हे मात्र जिव्हारी लागलं. टोमॅटोवाल्याने ताडपत्री आणखी दोन वीत पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी वहिनीने स्वतःच्या डोक्यावर हिरवी ताणली. सकाळचं ऊन तिच्या बाजूने यायचं. टोमॅटोवाल्याच्या ढिगासमोर एक गृहस्थ थांबले आणि अदबीने म्हणाले, "ही वांगी कशी दिली?"

घरी अबोला सुरू झाला. ताटं तिघांची जवळजवळच असायची, पण बोलणं थोरल्यामार्फत.

"अहो, भाऊजींना विचारा, आणखी वाढू का?"

"दादा, वहिनींना सांग, पुरे."

थोरला या टपालखात्याला कंटाळला. त्याने जागा बदलून बसा असं सुचवलं. बदलल्या. परिणाम एवढाच झाला की सकाळचं भांडण दुपारी आणि दुपारचं सकाळी होऊ लागलं.

शेवटी प्रकरण कांदेवाल्याकडे गेलं. कांदा कोणत्याही उजेडात कांदाच दिसतो, त्यामुळे बाजारात कांदेवाल्याला निःपक्षपाती मानत. त्याने दोन्हीकडचं शांतपणे ऐकलं, एक कांदा हातात फिरवला आणि निकाल दिला, "लाल नको, हिरवी नको. दोघांच्या डोक्यावर मिळून एकच पांढरी टाका."

टाकली. आणि पांढऱ्याखाली जे होतं ते दिसू लागलं. हे इतकं भयंकर असेल याची दोघांनाही कल्पना नव्हती. टोमॅटो होते तसे, म्हणजे जवळजवळ पेरूच. वहिनीच्या 'आत्ता खुडलेल्या' पालकाच्या कडाही पिवळ्या निघाल्या. हिरवी ताडपत्री नुसती सूड घेण्यापुरती नव्हती, हे टोमॅटोवाल्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे एक चष्मेवाल्या बाई. रोज अर्धा किलो, आणि घासाघीस नाही. त्यांनी एक टोमॅटो उचलला, फिरवून पाहिला. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"काल तर लालभडक होते."

"आज उजेड जरा वेगळा आहे, ताई."

बाईंनी वर ताडपत्रीकडे पाहिलं, खाली टोमॅटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न घेता निघून गेल्या. बाई बोलक्या होत्या. त्यांना कळलं म्हणजे चार गल्ल्यांना कळलं, आणि मग लाल काय नि पांढरी काय, गाशाच गुंडाळायचा.

संध्याकाळी न विकलेला माल बांधता बांधता वहिनी कित्येक दिवसांनी थेट त्याच्याशी बोलली.

"भाऊजी, ती लाल कुठे ठेवलीत?"

"का?"

"नाही, उंदीर कुरतडतात म्हणून विचारलं."

"आणि तुमची हिरवी?"

"उशीखाली आहे."

दुसऱ्या दिवशी दोन्ही ताडपत्र्या पुन्हा वर चढल्या. मधे, पोत्यांसकट, कांदेवाला.

"मी का?" तो कुरकुरला.

"न्याय तू केलास ना?" वहिनी म्हणाली. "मग बस आता त्याच्यात."

दोन्ही बाजूंच्या सावल्या त्याच्यावर पडू लागल्या. कांद्यांनी तक्रार केली नाही.

इतक्यात चष्मेवाल्या बाई आल्या. हातात पिशवी. त्यांनी पिशवीतून परवाचे टोमॅटो काढले आणि ताडपत्रीच्या बाहेर, ढळढळीत उन्हात धरले. टोमॅटो हिरवट होते. वहिनीने पालकावर पाणी मारायचं थांबवलं.

"हे तुमच्याकडचे," बाई म्हणाल्या. "इथे असतात तेव्हा लाल असतात, घरी गेले की असे होतात."

टोमॅटोवाल्याने तागडी खाली ठेवली. "ताई, त्याचं असं आहे..."

"मला सांगू नका काही, मला कळलंय सगळं. काल तर तुमच्याकडेही तसलेच दिसले, तेव्हा म्हटलं, मला दिसतंय ते खरं की खोटं? डोळे तपासून आले. डोळे उत्तम आहेत." बाईंनी आवाज खाली आणला. "तेव्हाच ह्यांना म्हटलं, दोष फ्रिजचा आहे. काल संध्याकाळीच नवा आणला."

टोमॅटोवाल्याने तागडी परत उचलली.

नवा फ्रिज जुन्यापेक्षा मोठा होता, म्हणून बाईंनी त्या दिवशी एक किलो नेले.