पांडवपंचमीचा रिटर्न

त्या वर्षी आमच्या संघटनेला सरकारी मुदत चुकीची सांगणारा माणूस मीच. घरं, प्लॉट, गाळे दाखवून सौदे जुळवणारे नऊ एजंट आणि दहावा मी, असा आमचा कारभार. अध्यक्ष पिराजीअण्णा, कारण त्यांचा आवाज मोठा. सेक्रेटरी मी, कारण वही माझ्या गाळ्यात होती.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत सरकारनं एजंटांवर सर्व्हिस टॅक्स बसवला. परिपत्रक आलं, तेही इंग्रजीत. पिराजीअण्णांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि माझ्याकडं सरकवलं.

"बुवा, करा निरूपण."

मला सगळे बुवाच म्हणतात. मी कीर्तनकार नव्हे, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस. पण आमच्या पेठेत तेवढ्यावरही बुवापद मिळतं.

मी दोन दिवस डोकं घालून निरूपण केलं. तात्पर्य एवढंच निघालं की नाव नोंदवायचं आणि दर सहा महिन्यांनी रिटर्न भरायचा. एकदा पंचवीस एप्रिलपर्यंत, एकदा पंचवीस ऑक्टोबरपर्यंत.

"पंचवीस म्हंजी तिथी कुठली?" यल्लाप्पानं विचारलं. हा आमचा निपाणीकडचा गडी, प्लॉटांत वाकबगार.

प्रश्न खुळ्यासारखा वाटेल, पण जागा विकणाऱ्याचा धंदा तारखेवर चालत नाही. पितृपंधरवड्यात कुणी विसार देत नाही, अमावस्येला कुणी जागेत पाऊल टाकत नाही, आणि अक्षय्यतृतीयेला सकाळपासून दुपारपर्यंत चार सौदे होतात. गिऱ्हाइकाला 'अठरा तारखेला या' म्हटलं तर तो विसरतो. 'एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी या' म्हटलं की दारात हजर. म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. पंचवीस ऑक्टोबरच्या चौकोनात लिहिलं होतं, पांडवपंचमी.

"बास की!" पिराजीअण्णा म्हणाले. "दिवाळी झाली, दुकानं उघडली, की आपला रिटर्न. लिवा वहीत."

मी लिहिलं. एप्रिलची तिथीही त्याच कॅलेंडरातून काढली. आणि गंमत बघा, पुढच्या एप्रिलात त्या तिथीला आम्ही दहाजण वाजतगाजत ऑफिसात गेलो, तर मुदतीच्या दहा दिवस आधीच पोचलो. तिथले प्रसेनजीत साहेब, वयानं तरुण, कमी बोलणारे, त्यांनी चष्मा वर करून आमच्याकडं बघितलं. "जिल्ह्यात पहिले तुम्हीच," म्हणाले. पिराजीअण्णांची छाती दोन बोटं पुढं आली. "पद्धत हाय सायेब आमची."

पद्धत होती माझी. पण अध्यक्षापुढं सेक्रेटरीनं बोलू नये.

मग अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिन्यात घर घ्यायला कोण फिरकतो? महिनाभर आम्ही माझ्या गाळ्यात बसून त्या महिन्याच्या नावानं शंख केला. पुढंही हंगाम काही उठला नाही. माझी तर अशी गत झाली, की दिवाळीपर्यंत एखादं मोठं काम हाती लागलं नाही तर गाळा सोडायचा आणि पूर्वीसारखं स्कूटरच्या सीटवर ऑफिस थाटायचं, एवढंच उरलं होतं.

आणि नवरात्रात काम चालून आलं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक नवा कारखाना उभा राहत होता. त्यांच्या कामगारांचं सगळं बघणारा अधिकारी विश्वजित आमच्या बैठकीला आला. बाहेरगावचे लोक रुजू होणार, त्यांना महिन्याभरात कोल्हापुरात चाळीस भाड्याची घरं हवीत. "काम एकाच एजंटाला देणार," तो म्हणाला. "वरून हुकूम आहे, एजंटाचे कागद चोख पाहिजेत. ह्या सहामाहीच्या रिटर्नची पोच मला महिनाअखेरपर्यंत दाखवायची. नाहीतर नाव कट."

तो गेल्यावर पिराजीअण्णांनी टेबलावर हात आपटला. "कुणालाबी मिळू दे. संघटना एक हाय का न्हाय?"

"हाय!" आम्ही ओरडलो.

"पांडवपंचमीला धाच्या धा जण मिळून जायचं. कुणी फुडं न्हाय, कुणी मागं न्हाय."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "पंचमी ऱ्हाऊ दे, तारीख काय हाय?"

दारात चिमणाबाई उभी होती. ती खोल्या भाड्यानं लावून द्यायची. विधवा बाई, चौथी शिकलेली, पण अख्ख्या मंगळवार पेठेत कुठल्या घराचा नळ किती वाजता येतो ते तिला पाठ. संघटनेत ती नव्हती. बायकांना घ्यायचं नाही असा नियम नव्हता हो. फक्त तिचा अर्ज तीन वर्षं माझ्याकडं विचाराधीन होता.

"आक्का, सभासदांची बैठक चाललीया," पिराजीअण्णा म्हणाले.

"चालू द्या की. मी आपलं इचारलं. माझा धंदा भाड्याचा; भाडं काय तिथीनं येतंय व्हय?" असं म्हणून ती गेली. आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

कोजागरीला आमच्या विठ्ठलाच्या देवळात दुपारी कीर्तन होतं. कीर्तनकार बुवा साताऱ्याकडचे, गळा असा की टाळकरी टाळ वाजवायचं विसरून ऐकत राहावेत. पूर्वरंग रंगात आला. मग बुवांनी उपरणं सावरलं आणि अधिक महिन्याची गोष्ट काढली. बारा महिन्यांना बारा धनी, ह्या तेराव्याला कुणी घरात घेईना. तो रडत देवापाशी गेला आणि देवानं त्याला आपलं नाव दिलं, पुरुषोत्तम. माझे डोळे भरून आले. ज्याला कुणी दारात उभं करत नाही त्याला देव पोटाशी धरतो, म्हटलं, वा!

बुवा हसत पुढं म्हणाले, "आणि मंडळी, त्यानंही उपकार फेडले! धाकट्या पोरांना विचारा, यंदा दिवाळी एवढी लांबली कुणामुळं? ह्या पाहुण्यामुळं! आला ज्येष्ठात, पण पुढचे सगळे सण वीस-वीस दिवस रेटून गेला!"

सगळं देऊळ हसलं. माझ्या हातातला टाळ मात्र हातातच राहिला.

आज कोजागरी. आज चोवीस ऑक्टोबर. म्हणजे उद्या पंचवीस, आणि पांडवपंचमीला अजून वीस दिवस.

बुवांनी उत्तररंगात काय लावलं, पांडुरंगाची शपथ, मला आठवत नाही. मी मनात हिशेब मांडत होतो. उद्या मुदत संपणार. ती ज्यांनी गाठायची ते नऊजण माझ्या वहीवर विसंबून घरी दूध आटवत बसलेत. उठावं आणि स्कूटर काढून नऊ दारं वाजवावीत, एवढं सोपं काम.

पण माणसाचं मन बघा. पाप कधी शिंगं लावून येत नाही. ते कपाळाला बुक्का लावून येतं. मला वाटलं, ही खबर दिली कुणी? देवानं. कुठं दिली? कीर्तनात. कीर्तनाला आलं कोण? मी एकटा. बाकीच्यांना कुणी अडवलं होतं काय? मग जे देवानं पहिल्या रांगेतल्याच्या कानात सांगितलं, ते मी दारोदार वाटत सुटणं म्हणजे देवाच्या योजनेत ढवळाढवळ नव्हे काय?

आरती झाली. मी प्रसाद घेतला, घरी आलो आणि एकही दार वाजवलं नाही.

सोमवारी सकाळी मी आडवाटेनं ऑफिस गाठलं. स्कूटर पण लांब, पिठाच्या गिरणीपाशी लावली. जिन्यावर डावं-उजवं बघून वर गेलो, तर व्हरांड्यातल्या बाकावर चिमणाबाई! मांडीवर पिशवी, पिशवीत कागद.

"या बुवा," ती म्हणाली. "एकटंच?"

"जरा... चौकशीला आलो होतो."

"मी बी चौकशीलाच. बुधवारपासनं येतीया. रोज फारम चुकतोय आन् रोज सायेब परत देत्यात." ती माझ्या बगलेतल्या फाइलकडं बघत राहिली. "बाकीच्यास्नी सांगितलं न्हवं आज शेवटचा दिस हाय म्हणून?"

"सांगतो की. आता सांगतो."

"व्हय, सांगा. चार दिस ह्या बाकावर बसून लई माणसं बघितली बुवा." आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, खोकला आला असेल.

प्रसेनजीत साहेबांच्या टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती होती. तिच्या शांत चेहऱ्याकडं मी बघायचं टाळलं. साहेबांनी माझा रिटर्न तपासला, शिक्का मारला, पोच दिली.

"साहेब," मी हळूच म्हटलं, "आमच्यापैकी आणखी कुणी...?"

"दुसऱ्याच्या कागदाबद्दल मला बोलता येत नाही." त्यांनी शिक्का जागेवर ठेवला. "पण एक सांगतो. तुमच्या संघटनेची मला मौज वाटते. एप्रिलला आलात तेव्हा हलगी होती."

मला वाटलं, ते माझ्या एकट्यानं येण्यावर बोलले. मान खाली घालून निघालो.

मंगळवारी कागल. विश्वजितनं चहा मागवला. मी पोच त्याच्यापुढं ठेवली, घसा खाकरला आणि म्हणालो, "साहेब, एक खासगीत सांगतो. बाकीच्यांची मुदत हुकली. माणसं भली आहेत, पण तारखेचं भान नाही. तुमच्या यादीत आता मी एकटाच."

विश्वजितनं ड्रॉवर उघडला. एक फाइल काढली. तीतून एकेक कागद काढून माझ्यापुढं पत्त्यांसारखा मांडायला लागला. वीस तारखेची पोच, पिराजीअण्णा. वीस तारीख, दुपारची, यल्लाप्पा. एकवीस. एकवीस. बावीस. नऊच्या नऊ.

"तुम्ही दहावे," तो म्हणाला. "आणि दहाहीजणांनी हेच वाक्य ऐकवलं, बाकीच्यांची मुदत हुकली, यादीत मी एकटाच. फक्त त्या नऊजणांनी जोडीला एक कारण दिलं होतं."

"कुठलं?"

"की तुमच्या सेक्रेटरीनं तारीख चुकीची सांगितली. सेक्रेटरी तुम्हीच ना?"

मी विचारलं, "मग काम?"

"काल संध्याकाळी एक बाई आल्या होत्या, शेवटच्या एसटीची घाई करत. त्यांना विचारलं, बाकीच्यांचं काय? तर म्हणाल्या, 'अकराच्या अकराजणांनी भरल्यात सायेब, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पर भाड्याची घरं माझ्याकडं जास्त हायत.' जी बाई दुसऱ्या एजंटांबद्दल खरं बोलते, ती नळाला पाणी किती येतं तेही खरं सांगेल. काम त्यांना दिलं."

आता तुम्ही म्हणाल, झालं, लाजून सगळे गप्प बसले असतील. गप्पच बसले होते, पण त्यातून नवी पंचाईत झाली. रिटर्न भरल्याचं कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. आणि पांडवपंचमी तर उजाडली!

ठरल्याप्रमाणं सकाळी दहाला सगळे माझ्या गाळ्यात जमले. प्रत्येकाच्या बगलेत फाइल. यल्लाप्पानं तर साहेबांसाठी झेंडूचा हार आणला होता. पिराजीअण्णांच्या फाइलीतून आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र डोकावत होतं.

"चला मग," पिराजीअण्णा म्हणाले, पण खुर्चीतून उठले नाहीत.

"चला की," यल्लाप्पा म्हणाला आणि चप्पल काढून बसला.

"अण्णा, तुम्ही अध्यक्ष. तुम्ही पुढं व्हा," मी म्हटलं.

"वही तुमची बुवा. तुमी व्हा."

अर्धा तास असा गेला. चहा दोनदा झाला. तेवढ्यात चिमणाबाई आली. ह्या वेळी दारात थांबली नाही. सरळ आत येऊन बाकावर बसली.

"काम मला मिळालंय, कळलं असंलच," ती म्हणाली. "चाळीस घरं पायजेत. माझ्याकडं सतरा हायत. तेवीस तुमी द्या. दलाली निम्मीनिम्मी."

दहा चेहरे एकदम उजळले.

"पर एक अट हाय. कुणी कवा रिटर्न भरला त्ये हितं सगळ्यांच्या म्होरं सांगायचं. जो आधी सांगंल त्येला आधी भाडेकरू."

दहाहीजण आपापल्या फाइलीची दोरी सोडायला-बांधायला लागले. मग यल्लाप्पा हार हातात घेऊन उभा राहिला, शाळेतल्यासारखा. "ईस तारीख. दुपारी."

पिराजीअण्णा उसळले. "गद्दारा! संघटना एक हाय म्हणून तूच वरडलास की रं!"

"तुमची कवाची, अण्णा?" चिमणाबाईनं विचारलं.

अण्णांनी छताकडं बघितलं. "ईसच. पर सकाळी."

मग जो हशा उसळला तो उसळला. एकवीस, एकवीस, बावीस; लिलावासारखे आकडे पडायला लागले. कोण जिन्यात कुणाला बघून संडासात लपला तेही निघालं. हसताहसता पिराजीअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात शेवटी माझ्यावर नजरा वळल्या.

"पंचवीस," मी म्हटलं.

"घ्या!" यल्लाप्पा ओरडला. "मुदत सांगनाराच शेवटचा!"

चिमणाबाईनं भाडेकरू वाटून दिले. नोकरदार जोडपी पुढच्यांच्या वाट्याला गेली. माझ्यापाशी येईपर्यंत तिच्या यादीत एकच नोंद उरली होती, सहा शिकाऊ पोरं, बिनलग्नाची, एका जागी राहायचं म्हणणारी. अशा पोरांना कोल्हापुरात घर मिळवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

"हे तुमी करा बुवा," ती म्हणाली. "झालं तर म्होरल्या तुकडीचं सगळं काम तुमास्नी. पर घरमालकाला खोटं बोलायचं न्हाय."

तीन दारांवरून मी नकार घेऊन आलो. चौथं घर शिवाजी पेठेत एका निवृत्त मास्तरांचं. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"लगीन झाल्याली हायत न्हवं?"

'झालंय, कुटुंबं मागनं येणार' हे वाक्य जिभेच्या टोकाशी तयार होतं. वीस वर्षांच्या धंद्यात ते मी शंभरदा वापरलंय. मी ते गिळलं.

"न्हाय," म्हटलं. "सहाच्या सहा सडे. आणि रविवारी मटण खाणार."

मास्तरांनी मागं घरात एकदा वळून बघितलं. मग त्यांनी दार पुरतं उघडलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "रस्सा करायला येतोय काय त्यास्नी?"

"न्हाय. पर मी शिकवतो."

"मग आणा त्यास्नी रविवारी," मास्तर म्हणाले, "सकाळी लवकर आणा. आमच्या घरात चार वर्सं झाली, डॉक्टरनं बंद केलंय."