निरोपाचे हात

त्या गल्लीत कुणाच्या घरून निघायचं म्हणजे दारात थांबायचं, दोन्ही तळवे वर करून दाखवायचे, एकदा उलटे करायचे आणि मग पायरी उतरायची. पाहुणा असो की शेजारचं पोर, निरोप हा असाच. पेन्सिल लहानपणापासून हे करत आली होती. शिकायला मोठ्या शहरात गेली तेव्हा मैत्रिणींनाही तिने हे कौतुकाने शिकवलं. आम्ही सगळं प्रेम तुमच्याकडे ठेवून रिकाम्या हाताने जातो, असा अर्थही पदरचा जोडून दिला. तो इतका गोड होता की पुढे तिलाच खरा वाटायला लागला.

पेन्सिल हे काही तिचं खरं नाव नव्हे. कानामागे कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून बटणांच्या कारखान्यातल्या बायकांनी ते ठेवलेलं.

कारखाना शिंपल्याच्या बटणांचा. परक्या साहेबांच्या कंपनीने तो बांधला म्हणतात. खरं तर विटा वाहिल्या इथल्याच लोकांनी, साहेबांनी फक्त वर नाव लावलं. शिंपला इथल्या समुद्रातला, हात इथल्या बायकांचे, आणि तयार बटण बोटीने तिकडच्या शर्टांवर. साहेब गेले, ठेकेदार आले. खुर्चीतला माणूस बदलला, रीत तीच राहिली. शेवटच्या ठेकेदाराने गाशा गुंडाळला तेव्हा पेन्सिलने शहरातली नोकरी सोडली आणि बायकांना गोळा करून कारखाना चालवायला घेतला. मालकी सगळ्यांची सारखी, मत एकीला एकच, पेन्सिलचंही एकच.

शिंपल्याच्या कोरड्या भुकटीने बायकांच्या छात्या भरायच्या. पेन्सिलची आई तशीच खोकत खोकत गेली होती. म्हणून तिने सगळ्यात आधी घासायच्या चाकांवर पाण्याची बारीक धार बसवली. एकामागे एक लावलेली बाकं समोरासमोर मांडली. मुकादम ज्या उंच माच्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा तो मोडून तिथे खिडकी केली. प्रत्येक गोष्ट विचारून केली, हे तिचं मोठेपण. बायका आधी लाजल्या, आणि मग इतकं बोलायला लागल्या की ऐकता ऐकता तिच्या नाकीनऊ आले.

दोन गोष्टींबद्दल मात्र कुणी तोंड उघडलं नाही. एक, कामाचे एप्रन. जगभरच्या खिशांना बटणं करणाऱ्या या बायकांच्या एप्रनला स्वतःचा खिसा नव्हता. हवा का, असं विचारल्यावर राहू दे म्हणाल्या. दुसरी गोष्ट खोक्यावरच्या खुणेची. माल विकायचा तर त्यावर आपलं काहीतरी हवं, म्हणून पेन्सिलने दोन उघड्या तळव्यांचं चित्र काढलं, भिंतीवर लावलं, त्याचा तो गोड अर्थ सांगितला आणि कोण कोण राजी, असं विचारलं.

थोरल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक हात वर गेला. सगळ्यात शेवटी मावशीचा. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, आईमागे पेन्सिलला वाढवणारी, आणि कारखान्यातली सगळ्यात जुनी कारागीर. एरवी चहात साखर कमी पडली तरी गल्लीभर ऐकवणारी ही बाई त्या दिवशी मूग गिळून बसली. पेन्सिलला वाटलं, तिला आनंदाने भरून आलंय.

खोकी छापून झाली आणि समुद्रापलीकडचा एक मोठा खरेदीदार कारखाना बघायला आला. त्याची मागणी मिळाली तर वर्षभर हाताला काम होतं. नाही मिळाली तर पुढचा शिंपला आणायची ऐपत नव्हती, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

माणूस वाईट नव्हता. पाण्याची धार पाहून त्याने मान डोलावली, बाकांचं कौतुक केलं. पण जीव जडला तो खोक्यावर. बटणं कुठेही मिळतात, म्हणाला, असं काही कुठे मिळतं? मग त्याने विचारलं, हा निरोप प्रत्यक्ष बघायला मिळेल का. पेन्सिलने मोठ्या हौसेने मावशीला दारापाशी जायला सांगितलं.

मावशीने चाक थांबवलं. हात पुसले. दारात जाऊन उभी राहिली आणि तिने तळवे वर केले, उलटे केले. इथवर ठीक होतं. पण ती पायरी उतरली नाही. तिने बोटं ताणून वेगळी केली. मग तोंड उघडलं आणि जीभ वर उचलून धरली. मग अंबाडा सोडला, पांढरे केस पुढे घेऊन झटकले, आणि कुणीतरी जा म्हणायची वाट बघत मान खाली घालून उभी राहिली. आपापल्या बाकांवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायकांचे तळवेही नकळत वर झाले होते.

पाहुण्याने फोटो काढला आणि हळूच टाळ्या वाजवल्या.

 तळवे पेन्सिलला माहीत होते. जिभेचं आणि केसांचं तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. समोर चालली होती ती झडती. जिभेखाली बटण लपवलंय का, अंबाड्यात शिंपल्याचा तुकडा खोचलाय का, हे पूर्वी कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी रोज संध्याकाळी बघायचा, आणि तीच झडती तिने स्वतःच्या हाताने काढून, रंगवून खोक्याखोक्यावर छापली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मावशीकडे बघवेना.

पाहुण्याला तिने तिथल्या तिथे खरं सांगितलं. तो क्षणभर गोरामोरा झाला, आणि लगेच सावरून म्हणाला की मग तर ही गोष्ट आणखीच मोलाची आहे, हीसुद्धा खोक्यावर छापू, लोकांच्या काळजाला भिडेल. खोकं हेच हवं. ते नसेल तर साधी बटणं त्याला दुसरीकडे स्वस्त पडत होती. पेन्सिल म्हणाली, हे माझ्या एकटीच्या हातात नाही, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जमल्या. पेन्सिलने आधी पाहुण्याची अट सांगितली, मग ती मावशीलाच म्हणाली, "मी चित्र भिंतीवर लावलं तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलणार?" मावशी म्हणाली. "रोज सुटताना आ करून उभं राहायचं. इतकी सवय झाली की दुसऱ्याच्या घरून निघतानाही हात वर जायचे. तुम्ही पोरं विचारायचात, हे काय गं? कोणत्या तोंडाने सांगायचं? तुझ्या आईने सांगून टाकलं, हा निरोप आहे. तुम्ही हसलात आणि तसेच हात केलेत. तेवढंच बरं वाटायचं. तू ते चित्र इतक्या प्रेमाने काढलंस, मग आणखीच कठीण झालं."

 मग सगळ्यात तरुण कामकरीण, नुकतीच बाळंतपणाहून परतलेली, म्हणाली की हे सगळं कळतंय, पण घर तिच्या एकटीवर चाललंय. तिचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तसं कुणी म्हटलंही नाही. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

कोण कोण राजी, असं विचारायला पेन्सिल उठली, तशी मावशीने तिला अडवलं. "आज हात वर करायला लावू नकोस. ज्यांना ते खोकं नको, त्यांनी उठून उभं राहावं."

थोरल्या बायका गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. मग बाकीच्या. ती तरुण मुलगी बराच वेळ बसून राहिली आणि शेवटी डोळे पुसत, पुटपुटत उभी राहिली.

मागणी गेली. मग जवळच्या शहरांतल्या शिंप्यांकडे पेन्सिल स्वतः पिशवी घेऊन हिंडली, थोडं काम मिळालं, साध्या कोऱ्या खोक्यांतून माल गेला. काही चाकं कापडाने झाकून ठेवावी लागली. दिवस ओढगस्तीचे होते. आहे ते काम मात्र बायकांनी ठरवून आपसात वाटून घेतलं, आणि सगळ्यात आधी त्या मुलीला दिलं.

त्याच दिवसांत मावशीने एप्रनचा विषय काढला. खिसा लाव म्हणाली, चांगला खोल, आणि वर आपलंच बटण. पेन्सिलने सगळ्यांच्या एप्रनना खिसे लावले.

खिशांचे एप्रन हातात आले त्या संध्याकाळी पेन्सिल मावशीकडे चहाला गेली. निघताना दारात थांबली, आणि सगळं ठाऊक असूनही तिचे तळवे आपसूक वर झाले. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा चेहरा इतका पडला की मावशीलाच तिची दया आली.

मावशीने अजून न सोडलेल्या एप्रनच्या खिशात हात घातला, एक पाणीदार बटण काढलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.

"कारखान्यातलं?" पेन्सिलने विचारलं.

"मग? मालकीण आहे मी," मावशी म्हणाली. "यापुढे माझ्या घरून रिकाम्या हाताने जायचं नाही."

पेन्सिलने मूठ मिटली आणि ती पायरी उतरली.