गोमुखाखालचा पाय

हे लिहून ठेवायचंच नाही, असं चुनीलालने ठरवून टाकलं होतं. तीनदा कागद घेतला, तीनदा चुलीत घातला. पण परवा शहाद्याच्या बाजारात एक मिरचीवाली दुसरीला सांगत होती, की उनपदेवाच्या ऊन झऱ्यावर एका मारवाड्याच्या पोराला देव पावला, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांनी तर चुनीलालनेही पाहिलं होतं. घरी येऊन त्याने चौथा कागद घेतला.

मारवाड्याचं पोर म्हणजे इंदरचंद. शहाद्यात किराणा दुकान, बाप वारलेला, घरात तो आणि आई हीराबाई. चुनीलाल शेजारच्या लोणखेड्याचा, गूजर शेतकऱ्याचा मुलगा. त्याची शाळा दुसरीतच सुटली. वाचायला शिकला तो इंदरचंदच्या दुकानात, पुड्या बांधायच्या रद्दीवर. इंदरचंद गूळ बांधता बांधता अक्षर सांगायचा आणि चुकलं की म्हणायचा, जा, कापूस वेच.

दिवाळीपासून इंदरचंदच्या डाव्या पायावर एक फिकट चट्टा उठला होता. पोटरीवरून उतरत उतरत पावलापर्यंत आला. हीराबाई म्हणायची, उष्णता आहे, जाईल. पण गेला नाही. आणि नंदुरबारच्या हस्तीमल शेठच्या मुलीशी, लाडकंवरशी, त्याचं लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरलेलं. नवरदेवाच्या पायावर असलं काही दिसलं तर सोयरे काय म्हणतील, या धसक्याने हीराबाईने माघातला एक दिवस काढला. उनपदेवाच्या ऊन पाण्याने कातडीचं काहीही जातं, असं सगळेच म्हणत. पहाटे निघायचं, अंघोळ करून दिवेलागणीला परत. दमणी चुनीलालची, बैलही त्याचेच.

पहाटेची थंडी अशी की बैलांच्या नाकातून धूर निघत होता. हीराबाई घोंगडीत गुरफटून बसली होती आणि लग्नात कोणाला किती दिवस आधी बोलवायचं ते मोजत होती. इंदरचंद नेहमीसारखा चेष्टा करत होता. चुनीलालच्या ढवळ्या बैलाला तो म्हातारा सासरा म्हणायचा. सातपुडा जवळ आला तसा मात्र तो गप्प झाला. चुनीलालला वाटलं, भूक लागली असेल.

उनपदेवाला डोंगराच्या पायथ्याशी दगडाचं गोमुख आहे. त्यातून धार पडते ती आधी दगडी डोणीत, आणि तिथून वाहत खालच्या कुंडात. खालचं पाणी सोसवतं, माणसं तिथंच अंघोळ करतात. वर धारेला फक्त नवसाची माणसं. रीत अशी, की दुखतं ते अंग धारेखाली धरायचं आणि बाकीच्यांनी पाच वेळा देवाचं नाव घ्यायचं. पाच होईपर्यंत अंग काढलं नाही, त्याला देव पावला. बहुतेक जण दोनलाच उडी मारतात. चुनीलालने आधी स्वतःचा हात धरून पाहिला, तर एकालाच ओरडला.

"शेतकरी ना रे तू?" इंदरचंद म्हणाला. "तुन्हापेक्षा तुन्हा बैल बरा."

धारेपाशी जमलेल्या बायका हसल्या. मग इंदरचंदने धोतर वर खोचलं आणि डावा पाय धारेखाली ठेवला.

एक. दोन. तीन. लोक नाव घेत होते. पाच झालं. इंदरचंद हलला नाही. कोणीतरी पुन्हा सुरू केलं. दहा झालं, पंधरा झालं. खालच्या कुंडातले लोक ओल्या अंगाने वर आले. हीराबाईने पदर पसरला, तिचे डोळे वाहू लागले. एक बाई पोराला कडेवर घेऊन पुढे झाली आणि त्याचं डोकं इंदरचंदच्या गुडघ्याला टेकवून गेली.

इंदरचंदचं तोंड फक्त चुनीलालला दिसत होतं. त्या तोंडावर देव पावल्याचं काही नव्हतं. तो पायाकडे टक लावून बघत होता, जणू काहीतरी होण्याची वाट पाहतोय.

तेवढ्यात शेवाळावरून त्याचा उजवा पाय सरकला आणि धारेत गेला. तो झटक्यासरशी मागे आला, तोंडातून 'स्स' निघालं. डावा पाय होता तिथंच होता.

लोकांना ते दिसलं नाही. चुनीलालला दिसलं. आणि डोणीजवळ बसणाऱ्या आमशाला दिसलं. हा आमशा डोंगरातला म्हातारा, येणाऱ्याला थंड पाण्याची घागर भरून देई. तो उठला, इंदरचंदचा डावा पाय हातात धरून बाहेर काढला आणि त्यावर घागर ओतली. घोट्याजवळ रुपयाएवढा फोड आला होता. धोतर खाली ओढून त्याने तो पाय झाकला आणि परत जाऊन बसला.

हीराबाईने सगळ्यांना गूळ वाटला. चुनीलालने आपला खडा ढवळ्याच्या तोंडात घातला.

परतताना हीराबाई दमणीत झोपली. कितीतरी महिन्यांनी अशी झोपली असेल, तोंड उघडं, हात पसरलेले. बैलांना वाट पाठ होती. दोघं मित्र मागून चालत होते. चुनीलाल म्हणाला, गाडीत बस, पाय दुखेल.

"दुखत नही ना," इंदरचंद म्हणाला. "तेच तर शे."

मग त्याने सांगितलं. पौषात दुकानातून घरी आला तर चप्पल रक्ताने भरलेली. बाभळीचा काटा टाचेत बोटभर गेला होता आणि त्याला पत्ता नव्हता. आईला सांगितलं नाही. त्याच दिवशी त्याला कळलं होतं, ही उष्णता नाही, ही रक्तपिती. महारोग.

"मंग धारेखाल उभा कसाले ऱ्हायना?"

इंदरचंदने डाव्या पायाकडे पाहिलं.

"माले वाटे, एवढं ऊन पानी तरी पायले भाजी. भाजाले पाहिजे व्हतं, चुनी. मी वाट दखी ऱ्हायंतू."

सूर्य कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांमागे उतरला होता. डावीकडे कळसाडीची वाट फुटत होती. त्या वाटेवर, नाल्यापलीकडे एक झोपडं आहे हे दोघांनाही माहीत होतं. त्यात याच रोगाचा, गावाबाहेर काढलेला एक माणूस राहतो. त्याची बायको रोज अलीकडच्या दगडावर भाकर ठेवते आणि मागे न बघता जाते. इंदरचंदने तिकडे पाहिलं नाही.

तो म्हणाला, लाडकंवरला त्याने एकदाच पाहिलंय, पायात तोडे होते आणि ती खूप हसत होती. तिच्या बापाला सांगायला हवं. पण आज आई गूळ वाटत होती. उद्या ती पत्रिका काढेल. रोज एकेक दिवस जाईल आणि त्याचं तोंड उघडणार नाही, तो स्वतःला ओळखतो.

"आखाजीना आगोदर मन्हातीन नही सांगाई गयं," तो थांबून म्हणाला, "तर तू जाय नंदुरबारले. मी हात जोडसू, रडसू, तुले शिव्या देसू. तरी जाय."

चुनीलालने दमणीकडे पाहिलं. हीराबाईचा हात बाहेर लोंबत होता, चाकाच्या तालावर हलत होता. त्याने तो हळूच आत ठेवला. मग मागे येऊन त्याने इंदरचंदचा हात धरला. तो गरम होता, कोणाचाही असतो तसा.

"जासू," तो म्हणाला. "तू नही सांगं, तर मी सांगसू. आन दगडवर भाकर ठेवाऊ नही मी, इंदर. तुन्हाजोडे बसीसन खासू."