दुर्बिणीखालची पट्टी

मित्रांनो, शिकारीच्या रायफलवरची दुर्बीण सगळ्यांना दिसते. तिच्याखाली स्क्रूंनी घट्ट बसवलेली एक पोलादी पट्टी असते, तिला बेस म्हणतात; ती मी. मी हलले की नेम हलतो.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळच्या एका दुकानात मी काचेखाली पडून असायचे. दुपारचं ऊन अंगावर आलं की भट्टीतली ऊब आठवायची आणि मी पेंगायचे. अशाच एका दुपारी पद्मिनी आली. ती इथेच जन्मलेली, रानातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी. सोबत तिचे बाबा, गुरुनाथ. मुलीचं शिकारीला जाणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

तिनं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उचलली. "बाबा, ही लाइट आहे. दिवसभर कॅरी करायचं असतं."

बाबांनी मला हातात घेतलं, कडांवरून नख फिरवलं. "ही घे. जड आहे, पण पक्की बसेल."

"तुम्हाला तर हंटिंग आवडत नाही."

"नाहीच आवडत. पण तू जाणारच. नेम चुकला तर हरीण जखमी होऊन रानभर तडफडत फिरेल. ते मला सोसणार नाही."

पद्मिनीनं हातातली पट्टी खाली ठेवली आणि मला घेतलं.

मग धुक्यातल्या पहाटा आल्या. झाडं तरंगत असल्यासारखी दिसत आणि मला वाटे, आपणही धुक्याचेच झालो आहोत. एका हिवाळ्यात बाबाही तिच्यासोबत आले. ओढ्याकाठच्या बर्फावरून पद्मिनीचा पाय घसरला आणि रायफल खडकावर आपटली. तिला लागलं नाही. माझा एक स्क्रू मात्र सैल झाला.

थोड्याच वेळात समोर मोठ्या शिंगांचं हरीण येऊन उभं राहिलं. असं हरीण तिला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. तिनं रायफल उचलली, आणि दुर्बीण हाताला किंचित हलल्यासारखी वाटली. मी जीव खाऊन घट्ट राहायला बघत होते, पण ते माझ्या हातात नव्हतं.

तिनं रायफल खाली घेतली, गोळी काढली. "बेस लूज झालाय, बाबा. आज नको."

हरीण सावकाश धुक्यात विरघळलं.  बाबा म्हणाले, "चल. घरी जाऊन मी घट्ट करून देतो."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा रायफलला हात लावला.

मित्रांनो, आम्ही खालच्या वस्तू ओरडून सांगू शकत नाही. दुसऱ्याचा जीव तुमच्या हाती असेल, तेव्हा आधी आम्हाला एकदा हलवून बघा. आणि आम्ही हललो, तर त्या दिवशी रिकाम्या हातांनी घरी जा.