शंकापेटीतली चिठ्ठी

उत्तरबाईंचं खरं नाव मंडळी केव्हाच विसरून गेली होती. रविवारची उपासना संपली की बाई चर्चच्या दाराशी ठेवलेल्या शंकापेटीतून एक चिठ्ठी काढायच्या, सगळ्यांसमोर वाचायच्या आणि उभ्याउभ्या उत्तर द्यायच्या. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, एवढाच नियम. सैतानाला कोणी निर्माण केलं इथपासून ते स्वर्गात नवऱ्याशी पुन्हा भांडण होईल का इथपर्यंत, बावीस वर्षांत बाई एकदाही अडल्या नव्हत्या. पाळकसाहेब म्हणायचे, "बाई, देवाला काही अडलं तर तो तुमच्याकडेच येईल हो!" बाई "काहीतरीच तुमचं!" म्हणायच्या, पण मनातून फुलायच्या. माणूसच ना शेवटी.

घरात मात्र गाडं अडलं होतं. बाईंनी अंगाखांद्यावर वाढवलेली धाकटी बहीण तीन महिने त्यांच्याशी बोलत नव्हती. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. बाई धावत दवाखान्यात पोचल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, यात देवाची काहीतरी चांगली योजना असणार. तुझा विश्वास पक्का व्हावा म्हणूनच हे घडलं." बहिणीने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर बाईंनी फोन केले, डबे पाठवले, मेहुण्याकरवी निरोप धाडले. डबे रिकामे होऊन परत यायचे, बहीण काही यायची नाही. आपलं चुकलं कुठे, हेच बाईंना कळत नव्हतं. खोटं का बोललो होतो आपण?

आणि आज ती आली होती. शेवटच्या बाकावर, नवऱ्याशेजारी. बाईंचा जीव भांड्यात पडला. आज असं उत्तर देऊ की पोरगी आपणहून जवळ येईल, असं ठरवून त्यांनी पेटीत हात घातला.

चिठ्ठी उघडली आणि अक्षर ओळखलं. त्यांनीच हात धरून गिरवून घेतलेलं अक्षर ते. परत टाकून दुसरी काढली असती तर कोणाला कळणार होतं? पण बाईंनी ती मोठ्याने वाचली.

"माझं बाळ का गेलं? ताईने दवाखान्यात सांगितलेलं उत्तर सोडून दुसरं सांगा."

उत्तरं होती हो, एक सोडून दहा होती! एकेक जिभेवर आलं आणि दर वेळी बहिणीची ती भिंतीकडे वळलेली पाठ दिसली. दवाखान्यातलं ते उत्तर आपण आपल्याच धीरासाठी दिलं होतं, हे बाईंना तिथे लख्ख कळलं. फार लाज वाटली. पाळकसाहेब मदतीला उठू लागले, त्यांना बाईंनी हातानेच बसवलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "देव चांगला आहे, यावर माझा विश्वास आहे. आणि बाळ गेलं. या दोन्हींची सांगड कशी घालायची ते त्यालाच ठाऊक. माझी अक्कल तिथवर पोचत नाही. दवाखान्यात मी पोचल्याचा आव आणला. चुकले मी."

बाई पेटी उघडी टाकून शेवटच्या बाकापर्यंत चालत गेल्या. मेहुण्याने उठून जागा दिली.

बाई बहिणीला खेटून बसल्या. बहीण खाली बघतच हळूच म्हणाली, "ताई, माझ्या लेकीला डोकंभर केस होते गं. तू काही विचारलंच नव्हतंस."

"सांग ना," बाई म्हणाल्या, आणि बहीण रडत रडत सांगू लागली.