पिवळ्या झाकणाचा भक्त

मत्स्यालयात एरवी गर्दी असायची ती शार्कच्या बोगद्यात. पण गेले दोन महिने बिचाऱ्या शार्कांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं. सगळी जनता मोठ्या टाकीपुढे, रोग बरे करणाऱ्या एका बाबांच्या पायाशी.

बाबा गळ्यातलं पिवळंधमक चक्र काचेला टेकवायचे आणि माणसाएवढा थोराड हेकरू मासा डुलत डुलत येऊन चक्राला नाक लावायचा.

"माशाला पापणी नाही!" बाबा गरजायचे. "पापणी नाही म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून त्याला सगळं दिसतं! आला ना जवळ? ओढला तुझा रोग!"

आणि मासा नाही आला तर? तर भक्ताची श्रद्धा कमी पडली. बाबांचं स्वतःचं कधीच काही कमी पडत नसे.

हेकरूला खाऊ घालणारी बाई हे सगळं शिडीवरून बघायची आणि गप्प राहायची. साहेबांनी बजावलं होतं, "लोक येतायत ना? मग तुमचं काय जातंय?"

काय जातंय ते एका सकाळी कळलं. तिच्या सासूबाई ओट्यापाशी चक्कर येऊन पडल्या.

"आई, साखरेची गोळी घेतली होती ना?"

"आठ दिवस झाले बंद करून. तुझ्या हेकरूनं ओढली की माझी साखर!"

डॉक्टरांनी रक्त तपासलं, आकडा बघून कपाळाला हात लावला, पुन्हा गोळ्या लिहून दिल्या. सासूबाई त्यांच्यावरच उखडल्या, "तुम्हाला पापण्या आहेत, तुम्हाला काय दिसणार?"

हसावं की रडावं, सुनेला कळेना. राग आला तो स्वतःचाच. आपण गप्प बसलो, आणि ते घरावर शेकलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा हात धरून ती गर्दीत घुसली. टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिनं आपल्या जेवणाच्या डब्याचं पिवळं झाकण काचेला लावलं. हेकरू बाबांना पाठ दाखवून तिच्याकडे आला! झाकण तिनं सासूबाईंच्या हातात दिलं. मासा त्यांच्यामागे इकडून तिकडे फिरू लागला.

मग झाकण पिशवीत टाकून तिनं बाबांच्या चक्रावर आपला हातरुमाल टाकला. "आता बोलवा."

बाबांनी मंत्र म्हटले, डोळे वटारले. हेकरू ढिम्म.

"इथे नास्तिक आलेत!" बाबा किंचाळले.

"नास्तिक नाही, मास्तरीण आलीय," ती म्हणाली. "पिवळी चकती दिसली की काचेशी यायचं, मग वरून घास मिळतो, हे ह्याला मी शिकवलंय. रोज सकाळी, सगळ्यांसमोर. बाबांनी तेवढंच बघून ठेवलं. आदल्या दिवशी पोटभर जेवला की हा फिरकत नाही, आणि तुम्ही आपली श्रद्धा तपासत बसता!"

"पण काचेशी यायला शिकवलंस कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"माशांच्या डॉक्टरांना तपासता यावं म्हणून. आई, ह्याला कल्ल्यांचा आजार आहे. छोट्या माशाच्या पोटात गोळी घालून रोज देते मी. एक दिवसही चुकवत नाही."

बाबा चक्र सावरत दाराकडे सरकू लागले.

सासूबाईंनी काचेला नाक लावून माशाकडे पाहिलं. "म्हणजे माझा रोग ओढणारा स्वतः गोळ्यांवर आहे?"

"हो."

त्यांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. सुनेनं गुपचूप ठेवलेलं ते त्यांनी सकाळीच पाहिलं होतं.

"पाणी दे," त्या म्हणाल्या. आणि मागे उभ्या असलेल्या बायकांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघत काय बसलात? ज्यांनी ज्यांनी औषधं सोडलीत त्यांनी घरी जा आणि आधी औषध घ्या. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडायच्या आधी डब्याचं झाकण लावून बघा!"