फाटका डावा आणि अख्खा उजवा

मी एक जुना बूट आहे, आणि त्यातही डावा. म्हणजे अर्धाच. मित्रांनो, अर्धे असण्यात तसे वाईट काही नाही. पण दुसऱ्या अर्ध्याचे सगळे छान चाललेले रोज शेजारी बसून पाहावे लागले, तर पोटात दुखणारच. बुटाला पोट कुठले, असे विचारू नका. पाय जिथे जातो ते पोटच.

माझा आणि उजव्याचा जन्म एकाच दिवशी, एकाच यंत्रावर झाला. करड्या रंगाचे, बारीक लव असलेले चामडे आम्हा दोघांना एकाच तुकड्यातून मिळाले. तिथपर्यंत न्याय होता. पुढे आम्ही दुकानात गेलो. तुम्ही पाहिले असेल, दुकानाच्या मांडणीवर जोडीतला एकच बूट ठेवतात. दुकानदाराने खोके उघडले, आम्हा दोघांकडे पाहिले आणि उजव्याला उचलले. का, ते त्यालाच ठाऊक. पाच महिने तो दिव्यांच्या झगमगाटात बसला आणि मी खोक्यात, तोंडात कागदाचा बोळा घेऊन. येणारे गिऱ्हाईक आधी त्याला हातात घेई, त्याच्यातच पाय घालून बघे आणि आवडला नाही तर तिथूनच निघून जाई. माझ्यापर्यंत कोणी आलेच नाही. त्या पाच महिन्यांत मी जो जळायला लागलो तो जळतच राहिलो.

शेवटी एक चौदा वर्षांची मुलगी आली. तिने उजवा घातला आणि म्हणाली, "डावा पण द्या. मला डावा महत्त्वाचा आहे." मित्रांनो, हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तिला घरचे सगळे गिरकी म्हणत. लहानपणी ती कोपऱ्यावरून सरळ म्हणून वळत नसे, स्वतःभोवती गोल फिरून मगच पुढे जाई, म्हणून मामांनी ठेवलेले नाव. आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पाळीवर काम करी, म्हणून शाळा सुटली की गिरकी मामांच्या दुकानात येई. मामा जोडे दुरुस्त करीत. दुकान एवढेसे, की मामा शिंकले तर भिंतीवरचे खिळे हलत. तिथे दप्तर टाकायचे आणि स्केटबोर्ड घेऊन मागच्या फरसबंद आवारात पळायचे, हा तिचा रोजचा क्रम. मामा स्केटबोर्डला 'ती फळी' म्हणत. त्या दोन शब्दांत त्यांचे सगळे मत येई.

फळीवर गिरकीचा डावा पाय पुढे आणि उजवा मागे असे. पुढे म्हटल्यावर मी किती फुगलो असेन! पण पुढे असणे म्हणजे काय, ते पहिल्याच आठवड्यात कळले. फळीवर सुतार लाकूड घासायला वापरतो तसा खरखरीत कागद चिकटवलेला असतो. उडी मारायची तर मागचा पाय फळीचे शेपूट आपटतो आणि पुढचा पाय त्या खरखरीत कागदावरून घासत वर जातो, तेव्हा फळी हवेत उचलली जाते. म्हणजे प्रत्येक उडीला माझी बाजू सोलून निघे. दिवसाला साठ-सत्तर उड्या. दोन महिन्यांत माझ्या करंगळीच्या बाजूला भोक पडले आणि गिरकीचा पिवळा मोजा जगाला दिसू लागला.

आणि उजवा? अख्खा! बाजू गुळगुळीत, टाच ताठ, शिवण जशीच्या तशी. मी इथे सोलून निघत होतो, आणि तो दर थोड्या वेळाने फळीवरून उतरून जमिनीवर एक फेरी मारून येई. मला वाटे, हा भटकायला जातो आणि मी आपला फळीवर जुंपलेला. गिरकीला थांबायचे असले की तो जमिनीवर घसरत घसरत येई, तेही मला घसरगुंडीसारखेच वाटे. मी त्याला म्हणे, "तुझं बरं आहे बाबा." तो म्हणे, "चाललंय." एवढेच. पहिल्यापासून असा घुम्या. घुम्या माणसाचा जसा राग येतो, तसा घुम्या बुटाचाही येतो.

एक दिवस मामांनी मला पाहिले. "काय गं, बूट आहे की खिडकी?" असे म्हणून त्यांनी मला कलबुतावर, म्हणजे बूट ताणून धरायच्या लाकडी पायावर, चढवले. जुन्या टायरचा एक तुकडा कापला, पातळ केला आणि माझ्या भोकावर असा बसवला की पुढे हजार उड्यांनी त्याचे काही बिघडले नाही. मग त्यांनी बोट उगारले.

"हे एक झालं. आता दुसऱ्या बुटालाही काही झालं, तर ती फळी माळ्यावर जाईल. सांगून ठेवतोय."

"दुसऱ्याला काही नाही झालं, मामा," गिरकी घाईघाईने म्हणाली आणि उजवा पाय बाकाखाली ओढून घेतला.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज घरून निघताना गिरकी वहीचा पुठ्ठा कापे आणि हळूच उजव्यात घाली. कधी एक, कधी दोन. म्हणजे त्याला गादी आणि मला टायरचे ठिगळ! एकाला राजाचे बिछाने आणि एकाला भिकाऱ्याची गोधडी. 'हा नसता तर बरे झाले असते,' असे मी तेव्हा पहिल्यांदा मनात म्हटले. मित्रांनो, मी ते नंतरही पुष्कळदा म्हटले आहे. लपवून काय करू?

गिरकी सतरा वर्षांची असताना एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात मोठी स्पर्धा झाली. टीव्हीची माणसे आली होती. सात पायऱ्यांवरून उडी मारून खाली उतरायचे होते. पाच जण पडले. गिरकीही दोनदा पडली, कोपर सोलले. तिसऱ्यांदा ती लांबून आली. उजवा जमिनीवर तीनदा, चारदा उतरला, वेग वाढला, मग मी कागदावरून घासत वर गेलो, आणि पायऱ्या खाली राहिल्या. उतरलो तेव्हा लोकांचा आवाज एवढा झाला की मला माझी चाकेही ऐकू आली नाहीत. माझी कसली, फळीची. पण त्या क्षणी सगळेच माझे वाटत होते.

ती उडी टीव्हीवर इतक्या वेळा दाखवली की शेजारच्या कुत्र्यांनीसुद्धा गिरकीला ओळखले असते. मग जाहिरातवाले आले. दिग्दर्शकाने आम्हा दोघांना वाकून पाहिले आणि नाक मुरडले.

"तो ठिगळवाला नको. दुसरा दाखवा, त्याची बाजू छान आहे."

मला काळ्या फडक्याने झाकले. दुसऱ्या महिन्यात शहरभर फलक लागले. तीन मजले उंच उजवा! सात पायऱ्या उडवल्या कोणी, आणि फलकावर बसले कोण? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी त्याच्याशी बोलणेच सोडले. तो आधीही फारसे बोलत नसे, त्यामुळे त्याला हे कळले तरी की नाही, कोण जाणे.

पुढचे भराभर घडले. गिरकीला टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. त्यात ती मुलांना उड्या नव्हे, आधी पडायला शिकवी. "पडायची लाज वाटली की हाड मोडतं," हे तिचे वाक्य घरोघरी झाले. रोज नवे बूट येऊ लागले. आम्हा दोघांना तिने खोक्यात घातले, चेहरे समोरासमोर आणि तळ पुठ्ठ्याकडे, आणि खोके मामांच्या दुकानातल्या वरच्या कप्प्यात ठेवले. काही वर्षांनी तिने बूट बनवायची कंपनी काढली. तिच्या बुटांना बाजूला रबराची एक पट्टी असे, खरखरीत कागदावर न फाटणारी. ती पट्टी म्हणजे माझेच ठिगळ, सुधारून घेतलेले. बूट असे खपले की एका कारखान्याचे तीन झाले, आणि गिरकीची स्वतःची काचेची इमारत उभी राहिली.

दुकानातल्या छोट्या टीव्हीवर तिची मुलाखत लागली, तेव्हा मामा खिळे ठोकत होते. ती म्हणाली, "मी इथवर एकटीच्या हिमतीवर आले." मामांची हातोडी थोडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"ही तुमची भाची ना?" गिऱ्हाईकाने विचारले. "मग तुम्ही अजून खिळे का ठोकताय?"

"लोकांचे जोडे अजून फाटतात, म्हणून," मामा म्हणाले.

आणि मग एक दिवस गिरकी स्वतः आली. बरोबर एक सजावटवाला होता, गळ्यात मोजपट्टी अडकवलेला. इमारतीच्या दारात काचेची पेटी ठेवायची होती आणि तिच्यात, जिथून सगळे सुरू झाले तो बूट.

"कुठला?" मामांनी विचारले.

"ठिगळवाला. डावा."

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. दुकानाची मांडणी, फलक, जाहिरात, सगळ्याचे उट्टे निघाले. मी उजव्याकडे असे पाहिले, की बघ! पण मला टेबलावर उभे केले आणि मी मागे कोसळलो. इतक्या वर्षांत माझ्या टाचेचे चामडे कुजून गेले होते.

"हा उभा राहणार नाही," मामा म्हणाले. "टाच नवी करावी लागेल. पण चामडं असंच, एवढंच विटलेलं हवं. नाहीतर उठून दिसेल." मग त्यांनी उजव्याला हातात घेतले आणि सवयीने उलटे केले.

त्याच्या तळाला भोक होते. चांगले रुपयाएवढे, आणि त्याच्याभोवती रबर कागदासारखे पातळ झालेले. मामांनी आत बोटे घातली. एकामागून एक पुठ्ठे निघाले. वह्यांचे, औषधाच्या खोक्याचे. सगळे मधोमध झिजून आरपार गेलेले.

"हे कधीचं?"

"तुम्ही ठिगळ लावलंत ना, त्याच्याही आधीचं," गिरकी म्हणाली. "खडे टोचायचे. पण तुम्ही म्हणाला होतात, फळी माळ्यावर जाईल."

"वेडी का तू? मी टाकली असती होय माळ्यावर!" मामांनी तळावरून अंगठा फिरवला. "ढकलणारा पाय हा गं. चाल सगळी याची, थांबणंही याच्यावरच. पुढचा दिसतो. हा झिजतो."

मी इतकी वर्षे त्याच्या शेजारी राहिलो आणि त्याचा तळ मला आज दिसला. ज्याला मी भटकणे म्हणत होतो, ते भटकणे नव्हते. ज्याला गादी म्हणत होतो, ती गादी नव्हती.

गिरकीने ते पुठ्ठे एकावर एक रचले. मग सजावटवाल्याला म्हणाली, "दोन्ही ठेवता येतील का?"

"पेटी एकाच्याच मापाची आहे. आणि उद्घाटन उद्या आहे, ताई."

तिने घड्याळ पाहिले. मामांकडे पाहिले. आणि उजव्याचे चामडे घ्यायला होकाराची मान हलवली. मामांनी चामडे कापायची रापी दगडावर घासली. मला ओरडून सांगायचे होते की मला नको ती पेटी, मी आडवा पडून राहीन. पण बुटाचे कोण ऐकतो? मी एवढेच म्हणू शकलो, "तू कधी सांगितलं का नाहीस रे?"

"तू विचारलंस कुठे? तू नेहमी म्हणायचास, तुझं बरं आहे," उजवा म्हणाला. "तुला पुढे उभं राहायचं होतं ना? आता नीट उभा राहा."

रापी त्याच्या गुळगुळीत बाजूवरून फिरली. तीच बाजू, जिच्यावर मी जन्मभर जळलो. मामांनी ती माझ्या टाचेला इतकी बेमालूम शिवली की जोड कुठे आहे, हे कोणाला सापडत नाही. उरलेला उजवा त्यांनी कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. गिरकी जाताना दाराशी थांबली आणि म्हणाली, "मामा, उद्या तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा." ते उभे राहिले की नाही, ते मला पेटीतून दिसले नाही, तोवर माझे तोंड रस्त्याकडे झाले होते.

आता मी दिव्याखाली आहे. माझ्या खाली पितळी पाटी आहे: 'या एका बुटावर हे सारे उभे राहिले.' एका बुटावर कोणी उभे राहत नाही, हे पाटी लिहिणाऱ्याला एखाद्या बुटाने सांगायला हवे होते. जे जे मागितले ते मला मिळाले. तरी माझा जळका स्वभाव गेला नाही. रोज शाळेची मुले मला पाहायला येतात, आणि मी त्यांच्या पायांकडे पाहतो. चिखलाने भरलेल्या, नाडी सुटलेल्या, एकमेकांवर पाय देणाऱ्या जोड्या. त्यांचा मला इतका हेवा वाटतो की काय सांगू.

मित्रांनो, कधी इथे आलात तर पुढून बघून निघून जाऊ नका. पेटीच्या मागे या. माझी टाच आहे ना, ती माझी नाही. आणि घरी जाऊन बूट काढाल तेव्हा ते जोडीने ठेवा. पण ठेवण्याआधी दोन्ही उलटे करून बघा. ज्याची तक्रार नसेल, त्याला आधी उलटा करा.